अंड्यांच्या ट्रेमागची डबी

१

सोमवारी सकाळी मी काकांचा फ्रिज उघडला, अंड्यांचा ट्रे पुढे ओढला. मागे काहीच नव्हतं.

आदल्या दुपारी मीच तिथे एक डबी ठेवली होती. पेपरमिंटच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी, आत पिवळट मलम. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलं होतं. खोबरेलाचं मलम उन्हाळ्यात पातळ होतं म्हणून फ्रिजमध्ये. पिशवीसकट डबी गायब होती.

मी यशवंतपूरला एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. हळद, काजळ, विहिरीचं पाणी, गोरेपणाची क्रीमं, जे येईल त्यात शिसं किंवा पारा आहे का हे आम्ही शोधतो. त्या मलमात पारा आहे का हे शोधायचं होतं. कारण माझी चुलत बहीण मनस्विनी गेलं वर्षभर सुजत होती, ओसरत होती, पुन्हा सुजत होती, आणि का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

"गेली ना?" त्रिविक्रम काका हॉलमधूनच ओरडले. "जाणारच! जिनं केलं तिनंच उचललं. संहिता, तू पोरगी शिकलेली आहेस, तूच सांग, चोर स्वतःचा ठसा ठेवून जाईल का?"

'जिनं केलं' ती अनुसूया अक्का. काकांची थोरली बहीण, चामराजपेटच्या याच घरात वरच्या मजल्यावर एकटी राहणारी. मलम तिच्या हातचं.

वीणा काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि आवाज खाली आणला.

"काकांसमोर बोलत नाही, उगाच भडका उडेल. पण पहाटे अक्का खाली आल्या होत्या. फ्रिज उघडून दूध काढत होत्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"डबी घेताना पाहिलंत?"

"तेवढं नाही. पण फ्रिजपाशी दुसरं कोण जाणार?"

आतल्या खोलीतून मनूची हाक आली. "संहिता, स्वल्प इकडे ये ग."

ती न्हाणीघराच्या दाराला धरून उभी होती. चेहरा इतका सुजलेला की डोळे रेघांएवढे झाले होते.

"पुन्हा फेस आहे," ती म्हणाली. "साबणासारखा. गोळ्या चालू असूनसुद्धा."

२

लघवीला फेस म्हणजे प्रथिनं. मूत्रपिंडात बारीक गाळण्या असतात. त्या पाणी आणि कचरा जाऊ देतात, रक्तातली प्रथिनं अडवून धरतात. मनूच्या गाळण्या सैल झाल्या होत्या. प्रथिनं वाहून गेली की रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि माणूस सुजतो. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो जवळजवळ निरोगी दिसला होता. स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या की सूज उतरायची, कमी केल्या की परत यायची. आता तर कमी न करताच आली होती.

शनिवारी आम्ही सगळेच डॉक्टर महांतेशांकडे गेलो होतो. काका, काकू, अक्का, मनूचा होणारा नवरा हर्ष आणि मी. डॉक्टर विजापूरकडचे, आमच्याशी मराठीत बोलतात, मध्येच कानडीत शिरतात.

"हिच्या वयाला हा आजार आपोआपही होतो," ते म्हणाले होते. "पण परत परत येतोय म्हणजे मागे कुणीतरी ढकलतंय. दुखण्याच्या गोळ्या? नाही. काही लेप, भस्म, क्रीम?"

मनूनं अक्काच्या मलमाचं नाव घेतलं. काकांनी बहिणीकडे असं पाहिलं की अक्का खुर्चीत मागे सरकली.

"सरी. ते तपासा," डॉक्टर म्हणाले. "पारा निघाला तर मला आनंदच होईल. मलम बंद केलं की बहुतेक वेळा आजार उतरतो. नाही निघाला, तर मात्र मला मानेपासून पोटापर्यंत स्कॅन करावा लागेल. पहिल्यापासून शोधायचं." मग मनूकडे वळून, "आणि ऐक. सूज दिसते म्हणून सगळे सूजच बघतात. पण प्रथिनांबरोबर रक्त पातळ ठेवणारी द्रव्यंही वाहून जातात. रक्त गोठतं. एकच पाय दुखला, श्वास लागला, तर थांबायचं नाही, मला फोन."

हे पाचही जणांनी ऐकलं होतं. त्यांतल्याच कुणीतरी रविवार दुपार ते सोमवार सकाळ या वेळात डबी उचलली. मी सोडून चौघं. मनूला आम्ही धरत नव्हतो. मलमाचं नाव तिनंच घेतलं होतं, आणि आधाराशिवाय तिला चार पावलंही चालवत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी काकांनी फर्मान काढलं. अक्कानं अमावास्येच्या आत वरचा मजला रिकामा करावा.

३

मी वर गेले तेव्हा अक्का ट्रंक भरत होती.

"ये पुट्टी. बस. तुला पण वाटतं का मी भाचीला विष घातलं?"

"मला काही वाटत नाही, अक्का. मी विचारायला आलेय. गोरं व्हायला दिलंत का ते मलम?"

"अय्यो, गोरं कशाला? आमची मनू काय काळी आहे? तिला खाज यायची. पायांना, पाठीला. पुरळ नाही, गांधी नाही, काही नाही, नुसती खाज. ओरबाडून ओरबाडून रक्त काढायची. म्हणून निंब, कापूर, मेण घालून केलं."

"सुजायच्या आधी?"

"कितीतरी आधी. साखरपुड्याच्याही आधी."

मी थांबले. मलम आजाराच्या आधी आलं हे खरं. पण मलमाच्याही आधी खाज आली होती.

अक्कानं कपाटातून दुसरी डबी काढून माझ्या हातात ठेवली. "ही ने तपासायला. एकाच कढईतली आहे. एक गेली म्हणून रडतेस काय?"

भिंतीवर साखरपुड्याचा फोटो होता. मनू हिरव्या साडीत, अनवाणी, घोटे बारीक. सुजेचा मागमूस नाही. गळ्यात मोत्यांची चिंचपेटी.

"ही आजीची ना?"

"तीच. बघ कशी घातलीय!" अक्काचा आवाज चढला. "चिंचपेटी गळ्याला चिकटून बसली पाहिजे. ही छातीवर लोंबतेय. वीणानं मागची दोरी वाढवून घेतली. म्हटलं का ग? म्हणे टोचते पोरीला. पुढे गौरीच्या सणाला तिला तीच चिंचपेटी पुन्हा नीट बसली. दोरी आखूड केली, मग नाही टोचली."

"गौरीला मनूचा चेहरा कसा होता?"

"गोळ्यांनी भोपळ्यासारखा! विचारतेस काय."

खालून काकूंची हाक आली. "अक्का, दूध!" अक्का जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत उतरली. काकूंनी पातेलं उंच धरून तिच्या तांब्यात दूध ओतलं, भांड्याला भांडं न लावता. असं न शिवता ओतणं मी लहानपणापासून पाहत आलेय, पण दूध पूर्वी अक्का स्वतः फ्रिजमधून घ्यायची.

"आता का नाही घेत?" मी विचारलं.

"त्यात अंडी आली ना! डॉक्टरनं मनूला पांढरं खायला सांगितलं. खाऊ दे बिचारी. पण माझी मडी मोडते, सोवळं ग. ट्रे आला त्या दिवसापासून मी त्या पेटाऱ्याला बोट लावलेलं नाही."

जिन्यावरून उतरल्यावर मी पुन्हा फ्रिजपाशी जाऊन उभी राहिले.

४

हर्ष पुण्याचा. महादेवपुऱ्यात नोकरी. त्यानं मला ऑफिसखालच्या फूड कोर्टात बोलावलं.

"ओके, मी सस्पेक्ट आहे, फेअर इनफ," तो बसताबसता म्हणाला. "रविवारी संध्याकाळी आलो होतो, हॉलमध्ये चहा घेतला, निघालो. फ्रिज कुठाय तेही मला माहीत नाही. तुमच्याकडे जावयाला पाणी पण उठून घेऊ देत नाहीत."

"लग्न मोडायला निमित्त मिळालं असतं."

"मला मोडायचं असतं तर डबी कशाला लागली असती? आई रोज फोनवर हेच सांगतेय, मोड म्हणून." त्यानं कप फिरवला. "पहिल्या वेळी डॉक्टरांकडे आई पण आली होती. त्यानंतरच सुरू झालं तिचं. मी रोज नाही म्हणतो."

त्यानं कप खाली ठेवला. मग एकदम हसला.

"ती किती सरळ आहे माहितीये? साखरपुड्यानंतर आमच्या टीमची पार्टी होती. हिला म्हटलं, वाइनचा एक घोट घे. घेतला, आणि लगेच मान धरून बसली. म्हणे इथे दुखतंय, कॉलरबोनच्या वर. मी म्हटलं, तुझे संस्कार मानेत अडकलेत! पुढच्या वेळी पण सेम. एक घोट, की मान. सगळे तिला चिडवायचे."

मी हसले नाही. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी, कर्करोगाच्या पेशींवरच्या एका तासाला, प्राध्यापकांनी गंमत म्हणून एक विचित्र लक्षण सांगितलं होतं. इतकं विचित्र की परीक्षेत कुणी विचारत नाही, आणि म्हणूनच ते डोक्यात राहिलं होतं.

"हर्ष, कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. का?"

५

दुसऱ्या डबीचा निकाल बुधवारी सकाळी आला. पारा नाही. शिसं नाही. आर्सेनिक नाही. खोबरेल, मेण, कापूर, निंब.

मी प्रयोगशाळेच्या गच्चीवर गेले. खाली मार्केट यार्डातल्या लॉऱ्या हॉर्न देत होत्या. मी डोक्यात दोन प्रश्न वेगळे केले.

पहिला, डबी कुणी नेली? अक्कानं नव्हे. ती त्या फ्रिजला बोट लावत नाही, आणि जिला मलम लपवायचं आहे ती दुसरी डबी हातात देत नाही. काकांनी नव्हे. त्यांना तो निकाल बहिणीच्या तोंडावर फेकायचा होता. ज्याला दुसऱ्याला फाशी द्यायची आहे तो दोर लपवत नाही. हर्षला फ्रिज माहीत नव्हता. हा त्याचा शब्द होता हे खरं, पण त्याच्यावर संशय धरायची मला गरजच उरली नव्हती. अक्काला फ्रिज उघडताना 'डोळ्यांनी पाहिलं' असं सांगणारी व्यक्ती रोज स्वतःच्या हातानं अक्काच्या तांब्यात दूध ओतत होती. का ओतते ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पण आई आपल्या आजारी मुलीचा पुरावा का चोरेल? आम्ही सगळे समजत होतो की चोराला निकालात पारा निघण्याची भीती आहे. भीती उलटी असली तर? पारा निघणार नाही, मग डॉक्टर मानेपासून शोधायला लागतील, ही?

दुसरा प्रश्न त्यातच सुटत होता. पुरळ नसलेली खाज. मानेखालच्या डाव्या हाडावर एवढा उंचवटा की चिंचपेटी टोचते, तेही सूज येण्याच्या आधी. दारूच्या घोटानं तिथेच कळ, एमएस्सीच्या त्या तासाला ऐकलेलं लक्षण. मग स्टिरॉइड सुरू होतं, चेहरा भोपळ्यासारखा होतो, आणि त्याच वेळी गळ्यातली दोरी आखूड होते. स्टिरॉइडनं मनूच्या मूत्रपिंडाबरोबर मानेतलं काहीतरीही वितळवलं होतं.

लसिका ग्रंथींचा कर्करोग. हॉजकिन. क्वचित तो असाच येतो, मूत्रपिंडाच्या गाळण्या सैल करत, आणि गाठीकडे कुणाचं लक्ष जाण्याआधी प्रथिनं वाहू लागतात. सूज उतरवणारं औषध गाठही लहान करतं, आणि डॉक्टरांचा हात फिरतो तेव्हा मान मोकळी लागते.

मी डॉक्टर महांतेशांना फोन करून हे ओळीनं सांगितलं. पलीकडून फाइलची पानं उलटल्याचा आवाज आला.

"पहिल्या दिवशीच मी विचारलं होतं," ते शेवटी म्हणाले. "मान इतकी सुजली होती की हाताला काही लागेना, म्हणून तोंडी विचारलं. कुठे गाठ आहे का? आईनं नाही म्हटलं." मग एकदम, "आज आणा. उद्या नको."

६

काकू तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले.

"मलमात काही नाही, काकू."

हात थांबला नाही.

"अक्का फ्रिजला हात लावत नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

हात थांबला. त्या उठल्या, कपाट उघडलं, मखमलीची पेटी आणून माझ्यासमोर ठेवली. आत चिंचपेटी होती आणि तिच्या शेजारी, चिकटपट्टी न उघडलेल्या पिशवीत, डबी. मोत्यांना कापराचा वास लागला होता.

"यात काही निघणार नाही हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "बाळंतपणापासून मी तेच मलम लावते."

"मग गाठ का नाही सांगितलीत?"

"माझी मोठी बहीण, निपाणीची, तुला माहीत नाही. तिच्या मानेला अशीच आली होती. गंडमाळ, मानेतला क्षय. डॉक्टरनं औषध दिलं, गाठ बरी झाली, गाव बरं झालं नाही. वडिलांनी भोळेपणानं सगळ्यांना सांगितलं होतं ना! जन्मभर तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. लग्नाचा प्रश्नच नव्हता. मनूच्या मानेला हात लागला तेव्हा मला तीच दिसली." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हर्षची आई शेजारी बसली होती. काय सांगू? मग गोळ्यांनी गाठ गेली. मला वाटलं, देवानं माझं खोटं पदरात घेतलं."

"आणि परत आली तेव्हा?"

"गोळ्या वाढवल्या की जाते, म्हटलं. लग्न होईपर्यंत."

"अक्काला घराबाहेर काढत होते काका!"

"काढू दे. पाप माझ्या माथी येऊ दे. मनूच्या कपाळावर नको होतं."

"आई."

मनू दाराला धरून उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"मला माहीत होतं ग," ती काकूंना म्हणाली. "मान माझीच आहे ना. तू बोलत नव्हतीस, म्हणून मीही नाही बोलले." मग माझ्याकडे वळून, "संहिता, रिक्षा बोलाव. मला चालवत नाही. डावा पाय दुखतोय."

रुग्णालयात डॉक्टरांनी आधी मान नाही, पाय पाहिला. डावी पोटरी उजवीपेक्षा कितीतरी जाड, घट्ट आणि गरम होती.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"रविवार रात्रीपासून," मनू म्हणाली. "सांगणार होते. पण सगळे डबी शोधत होते."

७

रक्त पातळ करण्याची औषधं त्याच तासाला सुरू झाली. मानेतली गाठ काढून तपासायला गेली. अहवालात मी गच्चीवर म्हटलेलं नाव होतं. डॉक्टर मला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "हा बरा होणाऱ्यांपैकी आहे. बहुतेक जण बरे होतात. आणि हा बरा झाला की मूत्रपिंडही आपोआप सुधारतं." इतकं सरळ उत्तर त्या वर्षात आम्हाला कुणी दिलं नव्हतं.

केमोथेरपी सोमवारी सुरू व्हायची होती. रविवारी दुपारी मनू हर्षशी बोलता बोलता थांबली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "थांब हं." पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. पुढे फार वेळ लागला नाही.

काकू बाहेर बाकावर होत्या. हर्ष त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मला विचारायचं होतंत, काकू," तो म्हणाला. "मी नाही म्हणालो नसतो."

त्यानंतर तो त्या घरी आला नाही. काका अक्काशी बोलले नाहीत, पण खाली आणून ठेवलेली तिची ट्रंक पुन्हा वर गेली. ती त्यांनीच उचलली.

दिवस झाल्यावर एका सकाळी मी चामराजपेटला गेले. बाहेर बसचे हॉर्न, फुलवालीचा आवाज, सगळं नेहमीचं. स्वयंपाकघरात गॅस पेटलेला नव्हता. काकू फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर अक्काचा रिकामा तांब्या. अक्का जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. दूध ओतायला कुणी उठलं नव्हतं.

"संहिता," काकू म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. खरं सांग. मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर वाचली असती?"

उत्तर मला माहीत होतं. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांनी ते स्वच्छ दिलं होतं.

"सांगता येत नाही, काकू," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास बसला म्हणून की बसला नाही म्हणून, मला कळलं नाही.

अक्का उरलेल्या पायऱ्या उतरली. तांब्या ओलांडून पुढे गेली आणि तिनं फ्रिज उघडला. आत अंड्यांचा ट्रे तसाच होता, अर्धा भरलेला. कुणाला तो काढायचं सुचलं नव्हतं. अक्कानं तो हातानं बाजूला सारला, मागून दुधाची पिशवी काढली, पातेल्यात ओतली आणि गॅस पेटवला.

दूध वर येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग तिनं ते पेल्यात गाळलं, आणि काकूंच्या शेजारी फरशीवर बसून पेला त्यांच्या ओठांना लावला.